पुढच्या थांब्यापर्यंतचे तिकीट

चंपाषष्ठीनंतरच्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास, असोद्याच्या एका वांग्याच्या मळ्यात, नवऱ्या मुलाकडच्या पंचवीस-तीस पुरुषांसमोर एका निवृत्त बस कंडक्टरने उभे राहून "मी बेवडा शे" असे जाहीर केले. साल नव्वदीच्या सुरुवातीचे. घटनास्थळी मी मुलीचा मामा म्हणून हजर होतो.

हे गृहस्थ माझ्या मेहुण्यांचे स्पॉन्सर. चाळीसगावपासून साक्रीपर्यंत सगळ्या खानदेशात, दारूतून इतकी माणसे खाली उतरवून घेतलेला दुसरा माणूस झाला नाही. या विधानाला कागदोपत्री आधार नाही. पण इतक्या वर्षांत कोणी खंडनही केलेले नाही, आणि जळगावच्या एका दैनिकात डेस्कवर बसून मी जे शिकलो, त्यात तेवढे पुरते. स्पॉन्सर हा शब्द त्या काळी आम्हाला फक्त दूरदर्शनवरच्या मालिकेआधी ऐकू येई आणि त्याचा संबंध साबणाशी असे. दारू सोडलेल्यांच्या सभेत त्याचा अर्थ वेगळा होता. आधी सोडलेला एक जण नव्याने सोडणाऱ्याचा हात धरतो. त्याने केव्हाही हाक मारली तरी जातो, पाय घसरला तर पुन्हा उभे करतो, आणि या कामाचे त्याला काहीही मिळत नाही. त्यांच्या सभेत आडनाव सांगायचे नाही असा नियम आहे. तो मी इथेही पाळतो. सगळे त्यांना आबा म्हणत. मीही आबाच म्हणतो.

आबांनी नोकरी केली ती जळगाव–धुळे मार्गावर, आणि निवृत्तीनंतरही ते त्या गाडीतून कधी उतरले नाहीत. सभा दर गुरुवारी संध्याकाळी एका प्राथमिक शाळेच्या वर्गात भरे. पोटे सुटलेले, मिशा पिकलेले पुरुष दुसरीच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसत आणि समोर फळ्यावर बेरजा असत. आबा दाराशी उभे राहून डोकी मोजत. मग दाराच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करत, म्हणजे डबल बेल, सभा सुरू. कोणी आपली कहाणी फार लांबवली, विशेषतः आपण किती पीत होतो हे सांगताना त्याच्या आवाजात अभिमान येऊ लागला, की एकच टक. बोलणारा वाक्याच्या मध्ये थांबे. एकदा एका कंत्राटदाराने सुरतेत कशी एका बैठकीत अख्खी बाटली संपवली याचे वर्णन रंगात आणले होते. टक झाली. "आबा, अजून मुद्द्यावर आलो नाही," तो म्हणाला. आबा म्हणाले, "मुद्दा मागेच गेला भाऊ. तू झोपला होतास."

ते बसत नसत. तीस वर्षे चालत्या गाडीत उभे राहून काढल्यामुळे स्थिर जमिनीवर बसले की आपल्याला गरगरते, असे त्यांचे म्हणणे. लग्नाच्या मांडवात ते खांबाला एक हात धरून उभे असत, देवळात घंटेच्या साखळीला. जेवणही बरेचदा उभ्यानेच उरकत. त्यांच्या पत्नीला आम्ही अक्का म्हणत असू. अक्का म्हणायच्या, "घर माझं, भांडी माझी, आणि या माणसाला घरात कधी सीटच मिळाली नाही." आबांच्या खाकी शर्टाच्या खिशात गुळाचे खडे असत. दारूची ओढ उठली की गोड खावे, असे त्यांच्या सभेत सांगतात. आबांनी ते इतके मनावर घेतले होते की समोरचा माणूस नुसता जांभई देताना दिसला तरी ते त्याच्या तोंडात गूळ घालत. खडे खिशात विरघळत, त्यामुळे आबांच्या अंगावर कायम काही मुंग्या वस्तीला असत. आपल्याबरोबर फुकट प्रवास करणारे एवढेच, असे ते म्हणत.

त्यांची खरी कीर्ती मात्र देशी दारूच्या दुकानांबाहेरची. आपल्यातला कोणी आत शिरल्याचे कळले की आबा संध्याकाळी दुकानासमोर रस्त्यावर उभे राहत आणि ज्या आवाजात आयुष्यभर "एरंडोल, पारोळा, धुळे" पुकारले, त्याच आवाजात पुकारत: "चला, घर! घर, घर, घर! एकच सीट आहे!" आत जात नसत. नाव घेत नसत. शिवी नाही, उपदेश नाही. पुकारणे एवढे चिवट असे की आतल्या ज्याला ते ऐकवायचे त्याच्याखेरीज इतर दोन-तीन जणही उठून घरी जात. एका दुकानदाराने पोलिसांत तक्रार केली. हवालदार आला, त्याने चौकशी केली. घराची हाक मारणे कोणत्या कलमाखाली येते हे त्याला सांगता आले नाही. पुढे त्याच दुकानदाराने आबांसाठी बाहेर स्टूल ठेवले. आबा त्याच्यावरही बसले नाहीत.

माझे मेहुणे, ज्यांना मी दाजी म्हणतो, धुळ्याला एका सरकी-तेलाच्या पेढीत कारकून होते. त्यांच्या पिण्याचे वर्णन करत नाही. आबांची टक आठवते. एवढे सांगणे आवश्यक आहे की त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा, म्हणजे माझ्या भाचीचा, एक ठरलेला साखरपुडा त्यांच्यामुळे मोडला. दाजी पाटावर बसले ते उठण्याच्या वेळी उठलेच नाहीत. त्यानंतरच्या गुरुवारी ते जळगावच्या वर्गात आले. धुळ्यातही सभा होती, पण तिथे ओळखीचे भेटतील ही भीती. तशीच भीती जळगावकरांना जळगावात वाटे, म्हणून ते धुळ्याला जात. दर गुरुवारी दोन्ही गाड्या पारोळ्याच्या स्टँडवर समोरासमोर उभ्या राहत. आतली मंडळी खिडक्यांतून एकमेकांकडे बघत, ओळख न दाखवता मान हलवत, आणि गाड्या आपापल्या दिशेने निघून जात.

पहिल्याच सभेत दाजी उठून उभे राहिले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "मी देवाशपथ सांगतो, या जन्मात दारूला हात लावणार नाही."

आबा म्हणाले, "जन्माचं तिकीट या गाडीत मिळत नाही. कुठे उतरायचंय ते सांग."

"म्हणजे?"

"आज झोपेपर्यंत जमेल?"

"आज जमेल."

"मग तेवढंच घे. धुळ्याचं मागू नको, एरंडोलचं घे. एरंडोल आलं की पारोळ्याचं फाडू."

आबांची पद्धत ही एवढीच. कोणाकडूनही उद्याचा शब्द घ्यायचा नाही. स्वतःचाही द्यायचा नाही. तुम्ही कधी सोडलीत, असे मी त्यांना निरनिराळ्या प्रसंगी, निरनिराळ्या बाजूंनी विचारले. मुलाखत घेण्याचे जेवढे प्रकार मला येतात तेवढे वापरून पाहिले. उत्तर कायम एकच: "आज सकाळपासून." त्यामुळे तो आकडा माझ्याकडे नाही. का सोडली, हे मात्र त्यांनी स्वतःहून सांगितले. एकदा पारोळ्याला चहाच्या नावाखाली ते उतरले आणि परत आलेच नाहीत. कंटाळलेल्या एका प्रवाशाने दोरी ओढून डबल बेल दिली, ड्रायव्हरने गाडी काढली आणि गाडी कंडक्टरशिवाय धुळ्याला पोचली. शिक्षा झाली, तिचे त्यांना काही वाटले नाही. "गाडी वेळेवर पोचली ना," ते म्हणाले. "मी नव्हतो तरी वेळेवर पोचली. ते लागलं."

दाजी दोनदा घसरले. दोन्ही वेळा आबा धुळ्याला जाऊन दुकानाबाहेर उभे राहिले. तिसऱ्यांदा गरज पडली नाही. पुढच्या वर्षी भाचीचे लग्न पुन्हा ठरले, या वेळी असोद्याच्या एका केळीवाल्या शेतकरी घरात. मुलगा शिकलेला, माणसे मोकळी. पहिल्या साखरपुड्याची गोष्ट तिथवर गेली नव्हती. भाचीने घरात एकदाच आपले म्हणणे मांडले. मी तिथे होतो. ती म्हणाली, "बाबा, कन्यादानाला तुम्हीच बसायचं. पण त्या दिवशी तोंडाला वास आला तर मामा बसेल. मग मला समजवायला कोणी येऊ नका." दाजी उठले. आत जाऊन त्यांनी आपले लग्नासाठी घेतलेले धोतर-कोट पुन्हा घडी घालून ठेवले.

लग्नाआधी मुलाकडून भरीत पार्टीचे बोलावणे आले. थंडीत आमच्याकडे मळ्यात अशा पार्ट्या होतात. कापसाच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडजीत, म्हणजे लांबट उखळीत, ठेचायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशी खायची. आणि पुरुषांच्या पार्टीत पाण्याच्या हौदात बाटल्या गार होत असतात, हे कोणी बोलावण्यात सांगत नाही आणि कोणाला सांगावे लागत नाही. व्याह्याच्या भरिताला न जाणे म्हणजे सोयरीक झटकणे. गेले, तर पेला हातात येणार. घरात खल झाला. माझ्या बहिणीने तोड काढली: कावीळ झाली होती, डॉक्टरांनी वर्षभर पथ्य सांगितले आहे, असे कळवायचे. आजारपण सांगायला लाज नाही. सगळ्यांना पटले. निरोप गेला.

आबांना कळवले तेव्हा ते खांबाला धरून उभे होते. म्हणाले, "हे खोटं तिकीट आहे. पुढच्या थांब्यावर चेकर चढतो."

"मग काय करू?" दाजींनी विचारले.

"जायचं. मी येतो."

"तुम्हाला बोलावणं नाही, आबा."

"गाडीला कंडक्टर कोण बोलावतं?"

रविवारी आम्ही तिघे असोद्याला पोचलो. मळ्यात काड्यांचा जाळ पेटला होता, वांगी ओळीने भाजत होती, हौदात बाटल्या होत्या. "हे कोण?" असे व्याह्यांनी विचारले तेव्हा आबा म्हणाले, "मी यांच्याबरोबर असतो." कोणी पुढे विचारले नाही. आबांनी सरळ बडजी ताब्यात घेतली, वांगी सोलून ठेचायला लागले. तास बरा गेला. काविळीचे नाव निघाले की लोक दाजींना पुढे भाकरी सरकवत, पेला कोणी सरकवत नव्हते. बहिणीची युक्ती लागू पडली असे मी मनाशी ठरवले.

मग मुलाचे आजोबा आले. सगळे त्यांना नाना म्हणत. वय सत्तरीपलीकडचे, पाठीत वाक, खांद्यावर पिशवी. त्यांनी पिशवीतून एक बाटली काढली, सुती फडक्यात गुंडाळलेली. काविळीचे कळल्यापासून नानांना स्वस्थता नव्हती. मुलीचा बाप लग्नात पिवळा दिसेल, म्हणून हा म्हातारा कोणाला न सांगता गाड्या बदलत साक्रीला गेला, तिथून पुढे डोंगरातल्या एका पाड्यावर पायी, आणि एका वैदूकडून काविळीची मुळी घेऊन दोन दिवसांनी परत आला. तिथे मुळी पाण्यात घासत नाहीत. मोहाच्या पहिल्या धारेत घासतात.

नानांनी वाटीत औषध ओतले आणि दाजींच्या हातात दिले. "घ्या, याहीबुवा. एका दमात. माह्या हातानं घ्या."

दाजींनी वाटी घेतली. वास माझ्यापर्यंत आला. भोवती सगळे थांबून कौतुकाने पाहत होते. म्हातारा सोयऱ्यासाठी डोंगर चढला होता. नाही म्हणायला एकही कारण उरले नव्हते, कारण जे कारण होते त्याचेच हे औषध होते. दाजींची वाटी छातीपर्यंत गेली. तिथून पुढे ती वर जाईना आणि खालीही येईना. त्यांचे ओठ ओले झालेले मी पाहिले.

बडजीवर मुसळाचा एकच ठोका पडला. एकच.

आबा सरळ उभे राहिले. हात भरिताने भरलेले, कोपरावर मुंगी. मार्गावरची प्रमाण मराठी सोडून ते त्यांच्या धुळ्याकडच्या गावच्या बोलीत बोलले, "मी बेवडा शे. आज पेयेल नही, इतलंच." मग लोकांकडे न पाहता, सवयीने, पुकारल्यासारखे म्हणाले, "मला ती वाटी दिली तर मी पिईन, आणि मग महिनाभर मला शोधायला माणसं पाठवावी लागतील. म्हणून मी वाटी घेत नाही. नानांनी राग मानू नये." दाजींचे नाव त्यांनी घेतले नाही. दाजींकडे पाहिलेही नाही. पुन्हा वाकून ठेचायला लागले.

जाळात एक वांगे फुटले.

दाजींनी वाटी जमिनीवर ठेवली. म्हणाले, "मी पण. मला कावीळ नाही."

नानांनी जवळ येऊन त्यांच्या डोळ्यांत पाहिले. "कावीळ नाही?"

"नाही, नाना."

"मंग मी साक्रीले कायले गेलतो?"

नवऱ्या मुलाचा काका, नानांचा धाकटा मुलगा, हातातला पेला घेऊनच उठला. "बेवड्याच्या घरची पोरगी आणतो का आपण?" असे मोठ्याने म्हणाला आणि मोटारसायकलकडे निघाला. लग्न इथे मोडते असे मला वाटले, आणि दाजींनाही. त्यांचा चेहरा साखरपुड्याच्या दिवसासारखा झाला होता. फरक इतकाच की आज ते शुद्धीत होते आणि सगळे ऐकत होते.

नाना न हलता म्हणाले, "खाली बस."

"पण नाना..."

"तुह्या वरातीत घोडं शुद्धीवर होतं, तू नव्हता. खाली बस."

हसण्याचा पहिला आवाज नवऱ्या मुलाच्या वडिलांचा. मग सगळ्यांचा. काका बसले. नानांनी वाटी उचलली, वास घेतला आणि ती जाळात रिकामी केली. निळी ज्वाळा माणसाच्या उंचीइतकी उठली. चार वांगी करपली आणि नानांच्या मिशीचे डावे टोक गेले. नाना मिशी चोळत म्हणाले, "हे मी यायच्या पोटात घालत होतो!" त्यानंतर त्यांनी दाजींना आपल्या शेजारी बसवून घेतले आणि पहिला घास त्यांना दिला. आबांनाही बसा म्हणाले. आबा म्हणाले, मी उभाच बरा. हौदातल्या बाटल्या त्यानंतर कोणी बाहेर काढल्या की नाही, हे मी पाहिले नाही.

परतताना बसमध्ये दाजी आबांना म्हणाले, "आता लग्नाच्या दिवशी काही होणार नाही. मी शब्द देतो." आबांनी दोरीला हात लावल्यासारखा वरचा दांडा धरला होता. म्हणाले, "लग्नाचं नंतर बघू. जळगावपर्यंत तर चल."

लग्न ठरल्या तिथीला धुळ्याला झाले. कन्यादानाला दाजी बसले. मी मुलीच्या मागे उभा होतो. पाटावरून उठताना त्यांनी कोणाचा हात घेतला नाही. आबा मांडवाच्या दुसऱ्या खांबाला धरून उभे होते. भाची सासरी निघाली तेव्हा ती आधी त्यांच्या पाया पडली. तिने त्यांच्या खिशातून गुळाचा एक खडा काढून तोंडात टाकला. मुंगी बाजूला करून.

पुढच्या पावसाळ्यात एका गुरुवारी नवऱ्या मुलाचे काका शाळेच्या फाटकाशी दिसले. एका मित्राला सोडायला आलो आहे, असे त्यांनी सांगितले. मित्र कोणी दिसत नव्हता. आबांनी दुसरीचा एक बाक दाखवला आणि दाजींना म्हणाले, "ही सीट तुझी." म्हणजे आजपासून याचा हात तू धरायचा. दाजी स्पॉन्सर झाले ते असे. काका तीनदा घसरले आणि तिन्ही वेळा दाजी असोद्याच्या रस्त्यावर उभे राहून पुकारत होते. त्यांचा आवाज आबांइतका लागत नाही, पण काका बाहेर येत.

आबा त्यानंतर काही वर्षांनी, हिवाळ्यात, झोपेत गेले. अक्का म्हणाल्या, पडल्या पडल्या गेले, एवढंच काय ते आडवे झाले. अंत्ययात्रेला गर्दी इतकी की घरच्यांना अर्धी माणसे ओळखता येईनात. कोण तुम्ही, असे विचारले तर प्रत्येक जण पहिले नाव सांगे आणि थांबे. आमच्या दैनिकात चार ओळींची बातमी आली. तिच्यात निवृत्त कंडक्टर एवढाच उल्लेख आहे. ती मी लिहिली. त्यांच्या नियमात तेवढेच बसत होते.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारची सभा घरच्यांनाही खुली होती, म्हणून मी गेलो. आबांची मोजण्याची एक रीत होती, ती सांगायची राहिली. गाडीत कंडक्टर स्वतःला मोजत नाही, सीट प्रवाशांच्या. वर्गात मात्र आबा मोजणीची सुरुवात स्वतःपासून करत. मी विचारले होते तेव्हा म्हणाले होते, "इथे मी कंडक्टर नाही, भाऊ. इथे मीही तिकीट काढलेला."

बाके भरली होती. शेवटच्या बाकावर काका होते. दाजी उठून दाराशी गेले. बोट आधी स्वतःच्या छातीला लावले, मग एकेका डोक्यावरून फिरवत शेवटच्या बाकापर्यंत नेले. मग दाराच्या पत्र्यावर दोनदा टकटक केली.